थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये नाव दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही

"सर, हे बघा. नाव आहे की इथं. मग शोधल्यावर का येत नाही?"

लेखा विभागातल्या ताईंनी थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममधलं ॲड्रेस बुक (पत्त्यांची वही) खाली सरकवून 'गोऱ्हे' हे आडनाव दाखवलं. मग वरच्या शोधपेटीत तेच आडनाव टाइप केलं, आणि यादी रिकामी. दोन-तीनदा करून पाहिलं, तरी रिकामीच. एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयातले संगणक मी सांभाळतो. ही तक्रार तिथे वर्षातून तीन-चारदा येते, आणि दरवेळी वेगळ्या टेबलावरून. सुरुवातीला मी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचो, एकदा तर थंडरबर्ड काढून नव्याने टाकलं. काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. नीट मुळाशी गेल्यावर कळलं की 'शोध चालत नाही' या एकाच वाक्यामागे पाच-सहा निरनिराळी दुखणी असतात. त्यांतल्या एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी दुखणं ओळखायला हवं.

आधी बघा, तुम्ही शोधताय कुठे

कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की ॲड्रेस बुक उघडतं. डावीकडे वह्यांची यादी असते: पर्सनल ॲड्रेस बुक, कलेक्टेड ॲड्रेसेस, फोनशी जोडलेली एखादी वही, संस्थेची डिरेक्टरी (सर्व्हरवरची सगळ्यांची सामाईक यादी). डावीकडे जी वही निवडलेली असेल, शोध फक्त तिच्यात होतो. शोधपेटीतली फिकट अक्षरं वाचा, तिथे त्या वहीचं नाव लिहिलेलं असतं. ती अक्षरं कुणी वाचत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच संपतात. डावीकडे सगळ्यात वर 'ऑल ॲड्रेस बुक्स' आहे, ते निवडून पुन्हा शोधा. नाव आलं तर बिघाड काही नव्हता, नाव दुसऱ्या वहीत होतं.

एकापेक्षा जास्त शब्द टाकले तर ते सगळे त्या नोंदीत कुठेतरी असावे लागतात. क्रम कोणताही चालतो. 'पाटील सुनीता' आणि 'सुनीता पाटील' यांत फरक पडत नाही. पण एका शब्दातलं एक अक्षर जरी जुळलं नाही, तरी नोंद यादीतून गळते. पुढचं सगळं याच मुद्द्याशी जोडलेलं आहे.

मराठी नावांचं खरं दुखणं

गोऱ्हेंच्या बाबतीत वही बरोबर होती, आडनाव एकच होतं, स्पेलिंगचा प्रश्नच नव्हता कारण दोन्हीकडे देवनागरी. डोळ्यांना दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत होते. तरीही ते एक नव्हते.

पडद्यावर दिसतं ते अक्षराचं चित्र. संगणक साठवतो ते त्यामागचे युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले, क्रमांक, आणि शोध जुळवून बघतो तो क्रमांकांशी. 'ऱ्ह'मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीत दोन रस्त्यांनी लिहिता येतो. पहिला रस्ता म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१), त्याला हलन्त (पाय मोडण्याची खूण), मग ह. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर शिफ्ट-जे दाबल्यावर हेच ऱ येतं. दुसरा रस्ता म्हणजे साधा र (०९३०), हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह (२००डी), मग ह. जुन्या फोनेटिक (रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणाऱ्या) साधनांनी वर्षानुवर्षं या दुसऱ्या रस्त्याने लिहिलं. पहिल्या रस्त्याने लिहिलेल्या 'गोऱ्हे'त सहा क्रमांक आहेत, दुसऱ्या रस्त्याने लिहिलेल्या 'गोर्‍हे'त सात. शोधणाऱ्या प्रोग्रामला हे दोन वेगळे शब्द आहेत. कुऱ्हाडे, वऱ्हाडे, वऱ्हाडपांडे, सगळ्यांचं हेच.

तपासायला कोणतंही खास साधन लागत नाही. ॲड्रेस बुकातून ते नाव कॉपी करा, साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा सावकाश दाबत जा. देवनागरीत बॅकस्पेस अख्खं जोडाक्षर पुसत नाही, एकेक घटक पुसतो. आधी मात्रा जाईल, मग ह जाईल. आता नीट बघा. पुढच्या दाबाला हलन्त जाऊन खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ उरला, तर नाव पहिल्या रस्त्याने लिहिलंय. दाबल्यावर काहीच पुसलं गेलं नाही, नुसता आकार बदलून पाय मोडलेला र् दिसायला लागला, तर तिथे अदृश्य जोडचिन्ह होतं आणि ते आत्ता गेलं. मी ताईंना हे करून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतके दिवस मी बरोबरच टाइप करत होते," असं म्हणाल्या. हो, बरोबरच करत होत्या.

हाच प्रकार 'ॲ'चा. आपल्याकडे निम्म्या नोंदींच्या आधी 'ॲड.' असतं, कारण वकिलांशी पत्रव्यवहार असतोच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी आपण अ लिहून त्यावर चंद्र काढायचो, आणि पुष्कळ साधनं मधे तेच अदृश्य जोडचिन्हही घालायची. म्हणजे एकाच 'ॲड.'चे तीन अवतार एका वहीत नांदत असतात. इथेही बॅकस्पेस सांगतो: एका दाबात पूर्ण ॲ गेला तर नवं अक्षर, नुसता चंद्र जाऊन अ उरला तर जुनी जोडणी.

याशिवाय जे डोळ्यांना दिसतं पण घाईत सुटतं, ते: पाटील आणि पाटिल, सुनीता आणि सुनिता, शिंदे आणि शिन्दे, काळे आणि हिंदी कळफलकावरून आलेलं काले. यातलं चूक काय नि बरोबर काय, हा वाद शोधपेटीपुढे घालू नका. तिथे नोंदीत काय आहे तेवढंच चालतं.

तातडीचा उपाय

शोध शब्दाच्या मधल्या तुकड्यावरही चालतो. म्हणून भानगडीचं अक्षर टाळून टाइप करा. कुऱ्हाडेंसाठी 'हाडे', गोऱ्हेंसाठी नुसतं 'गो' आणि पुढे पहिलं नाव, पाटलांसाठी 'पाट'. वकिलांना 'ॲड.' न लिहिता आडनावानेच शोधा. ईमेल पत्त्यातली रोमन अक्षरं माहीत असतील तर ती टाका, तिथे ही गुंतागुंत नसते.

कायमचा उपाय

मी सगळी नावं एकाच पद्धतीत आणायचा प्रयत्न करून पाहिला. आमच्याकडे साधारण ११०० नोंदी आहेत. दोन शनिवार घालवून सगळ्या दुरुस्त केल्या आणि जूनमध्ये सगळं पुन्हा बिघडलं. कारण दर जूनमध्ये नव्या वर्षाची यादी एक्सेलमधून येते, आणि ती चार जणांनी चार कळफलकांवर टाइप केलेली असते. शिवाय कार्डडॅव्हने (फोन आणि संगणकावरची वही एकसारखी ठेवणारी पद्धत) जोडलेल्या वहीत कुणी फोनवरून नोंद केली की ती फोनच्या कळफलकाची लकब घेऊनच इथे उतरते. माणसं आणि कळफलक बदलत राहणार, त्यामुळे नुसतं साफ करत बसण्यात अर्थ नाही.

टिकलेला उपाय हा: प्रत्येक नोंदीत 'निकनेम' नावाचा रकाना असतो, तो शोधात धरला जातो. त्यात नाव-आडनाव साध्या रोमन अक्षरांत लिहायचं, आणि ते कसं लिहायचं हे कार्यालयात एकदाच ठरवून घ्यायचं. चौधरीला सी-एच-एयू की सी-एच-ओयू, वाघला व्ही की डब्ल्यू, अशा वीस-पंचवीस शंकास्पद आडनावांचा कागद आमच्या भिंतीवर लावलेला आहे. नाव देवनागरीत राहतं, पत्राच्या वर नीट मराठीत उमटतं, आणि शोधताना रोमनमधली चार अक्षरं पुरतात. एक्सेलच्या यादीतच निकनेमचा स्तंभ वाढवला, त्यामुळे जूनची आयातसुद्धा आता तयार होऊन येते.

आयात करतानाच नाव मेलेलं असेल तर

शोधपेटीत दोन प्रश्नचिन्हं टाइप करा. ज्यांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत अशा नोंदी वर आल्या, तर त्या एक्सेलमधून साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) प्रकारात साठवलेल्या आहेत. त्या प्रकारात देवनागरी टिकत नाही. प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळत नाही, मूळ एक्सेल फाइलकडेच जावं लागतं. 'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे, तो निवडून पुन्हा आयात करा. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर टोप्या-टिंबं असलेली परकी रोमन अक्षरं दिसत असतील, तर माहिती शाबूत आहे, वाचताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलंय. त्या नोंदी काढून यूटीएफ-८ने पुन्हा आयात केलं की नावं नीट येतात.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या. एक्सेलमध्ये तो फॉन्ट लावलेला असतो म्हणून मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. थंडरबर्डमध्ये आल्यावर फॉन्टचा मुखवटा गळतो आणि अर्थहीन अक्षरांची रांग उरते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच आयात करा.

पत्र लिहिताना 'टू'च्या रकान्यात नाव सुचत नसेल तर

ॲड्रेस बुकात शोधलं की येतं, पण पत्र लिहिताना येत नाही, ही वेगळी तक्रार आहे. सेटिंग्जमध्ये कंपोझिशन, तिथे खाली ॲड्रेसिंग. 'लोकल ॲड्रेस बुक्स'वर खूण हवी. संस्थेच्या डिरेक्टरीतून नावं सुचायला हवी असतील तर 'डिरेक्टरी सर्व्हर'वरही खूण हवी आणि शेजारच्या यादीत तो सर्व्हर निवडलेला हवा. इथे सगळं ठीक असूनही येत नसेल, तर त्या खात्याच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग बघा. तिथे त्या एका खात्यापुरता वेगळा सर्व्हर नेमता येतो, आणि कुणीतरी कधीतरी तो नेमून विसरलेलं असतं.

जुना, बंद झालेला पत्ता पुन्हा पुन्हा सुचत असेल तर तो बहुतेक कलेक्टेड ॲड्रेसेसमध्ये बसलेला असतो. तुम्ही ज्याला पत्र पाठवता तो पत्ता आपोआप तिथे जमा होतो. पर्सनलमध्ये दुरुस्ती करून उपयोग नाही, कलेक्टेडमधली नोंद काढा.

संस्थेची डिरेक्टरी: एलडॅप

एलडॅप म्हणजे सर्व्हरवरच्या डिरेक्टरीत शोध घ्यायची पद्धत. डिरेक्टरीवर क्लिक केलं की यादी रिकामी दिसते आणि लोक घाबरतात. ती रिकामी नसते. शोध घेतल्यावरच नावं दिसतील असं तिथे लिहिलेलं असतं. काही अक्षरं टाइप करा. बहुतेक डिरेक्टऱ्यांत नावं रोमनमध्ये असतात, त्यामुळे देवनागरीत शोधून इथे काही हाती लागणार नाही.

नावं येतात पण हवं ते येत नाही, असं झालं तर परतणाऱ्या नोंदींची मर्यादा बघा. डिरेक्टरीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. मुळात ती १०० असते. मोठ्या संस्थेत 'पाटील', 'जाधव' किंवा 'शिंदे' एवढंच टाइप केलं तर शंभरी सहज ओलांडते, आणि तुमचे पाटील एकशे एकावे असतील तर ते दिसत नाहीत. कसलाही इशारा येत नाही, म्हणून हे लक्षात यायला वेळ लागतो. पहिलं नावही टाका, किंवा मर्यादा वाढवा. पण सर्व्हरची स्वतःचीही मर्यादा असते. डिरेक्टरी चालवणाऱ्या प्रोग्रामांपैकी ओपनएलडॅपची मूळ ५००, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीची १०००. तुमच्या बाजूला आकडा कितीही वाढवला तरी त्यापलीकडचं मिळत नाही. त्याच पानावर स्कोप (शोधाची व्याप्ती) 'वन लेव्हल' असेल तर खालच्या विभागांमधली माणसं शोधात येतच नाहीत, तिथे 'सबट्री' हवं.

काहीच येत नसेल तर एरर कन्सोल उघडा, कंट्रोल-शिफ्ट-जे. जास्त तपशील हवा असेल तर सेटिंग्जच्या जनरल पानाच्या अगदी तळाशी कॉन्फिग एडिटर आहे, तिथे 'मेलन्यूज.एलडॅप.लॉगलेव्हल' या नोंदीला 'ऑल' अशी किंमत द्या, दोन्ही अर्थात रोमन लिपीत. मग पुन्हा शोध घेऊन एररचा आकडा बघा. आकड्यातच निदान असतं. ३२ म्हणजे बेस डीएन (डिरेक्टरीत शोध जिथून सुरू होतो तो पत्ता) चुकलाय, त्या पत्त्याची फांदीच सर्व्हरवर नाही. ४ म्हणजे वर सांगितलेली मर्यादा ओलांडली. ३ म्हणजे वेळ संपला, शोध फार जड झाला. सर्व्हरवर त्या रकान्यांची अनुक्रमणिका केलेली नसली की असं होतं, आणि ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचं आहे. १ आकडा ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडून आला तर बहुधा लॉगिन न करताच शोध घेतला जातोय. विंडोज सर्व्हर २००३ पासून अनामिक शोधाला तिथे मुळात परवानगी नसते, म्हणून बाइंड डीएन (लॉगिनचं नाव) भरा.

४९ हा सगळ्यात जास्त वेळा परतणारा आकडा. नाव किंवा पासवर्ड चुकलाय. जिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम आहे, तिथे हे दुखणं बरोबर तीन महिन्यांनी उठतं. आपण मेलसाठी नवा पासवर्ड देतो, पण डिरेक्टरीचा जुना पासवर्ड थंडरबर्डने वेगळा जपून ठेवलेला असतो. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये सेव्ह्ड पासवर्ड्स उघडा, 'एलडॅप'ने सुरू होणारी नोंद काढा, पुन्हा शोध घ्या, नवा पासवर्ड विचारला जाईल. हे लवकर करा. जुन्या पासवर्डाने प्रत्येक शोधाबरोबर एक चुकीचा प्रयत्न सर्व्हरकडे जातो, आणि तसे काही प्रयत्न झाले की अख्खं खातंच कुलूपबंद होऊ शकतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ४९च्या पुढे आणखी एक आकडा देते: ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५३२ म्हणजे मुदत संपली, ७७५ म्हणजे खातं कुलूपबंद झालंय. ७७५ दिसलं तर आपण काही करण्यासारखं नसतं, व्यवस्थापकाला फोन करा.

जोडणीच होत नसेल तर पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) बघा. साध्या जोडणीला ३८९, सुरक्षित जोडणीला ६३६. सुरक्षित जोडणीची खूण केली आणि पोर्ट जुनाच राहिला, असं होतं. दुसरं कारण प्रमाणपत्राचं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलचं. थंडरबर्ड प्रमाणपत्रांची स्वतःची पेटी बाळगतं, त्यामुळे संस्थेने स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र विंडोजला मान्य असलं तरी इथे अडू शकतं. ते मॅनेज सर्टिफिकेट्समध्ये 'ऑथॉरिटीज'खाली आयात करा. आणि एखाद्या अपडेटनंतर लगेच जोडणी तुटली असेल, तर सर्व्हर फार जुना आहे का ते विचारा. थंडरबर्ड ७८ पासून जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळात बंद आहेत.

वहीची फाइलच बिघडली असेल तर

हे क्वचित होतं, पण ओळखायला सोपं आहे. आधी दिसत असलेली अख्खी वही रिकामी दिसते, नवी नोंद टिकत नाही, आणि एरर कन्सोलमध्ये फाइल करप्ट झाल्याची ओळ दिसते. २०२०च्या थंडरबर्ड ७८ पासून वह्या एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकारात साठवल्या जातात. पर्सनल वहीची फाइल 'एबुक', कलेक्टेडची 'हिस्टरी'. हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथून प्रोफाइलचं (थंडरबर्डची सगळी माहिती असते ते) फोल्डर उघडा, आणि काहीही करण्याआधी थंडरबर्ड पूर्ण बंद करून ते अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. चालू प्रोग्रामच्या खालून केलेली कॉपी अर्धवट निघू शकते, कारण ताजे बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये थांबलेले असतात. मग बिघडलेल्या फाइलचं नाव बदला, ती पुसू नका. थंडरबर्ड चालू केल्यावर नवी कोरी वही तयार होईल, तिच्यात राखीव प्रत आयात करा. प्रोफाइलचं फोल्डर ऑनलाइन सिंक होणाऱ्या ठिकाणी ठेवलेलं असेल तर ते तिथून हलवा, नाहीतर हा बिघाड परत येईल.

राखीव प्रत मी दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी काढतो. डावीकडच्या वहीवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट. व्हीकार्ड प्रकारात देवनागरी आणि नोंदीतले सगळे तपशील नीट राहतात, पण मेलिंग लिस्ट (पत्त्यांचे गट) त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी तीच वही आणखी एकदा एलडिफ प्रकारात काढून ठेवा. दोन्ही फाइलींच्या नावात तारीख घाला, आणि निदान एकदा तरी रिकाम्या चाचणी-वहीत आयात करून, त्यात 'गोऱ्हे' शोधून बघा.